लपवून लावलेला सुगंध

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई ३१ वर्षांच्या आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांना परफ्यूमचा नाद लागला. आज त्यांच्याकडे चाळीसहून जास्त बाटल्या आहेत. धुरकट, चामड्याच्या वासाच्या, ऊदाच्या, धुपाच्या. आणि सगळ्यांत लाडकी 'पोर्ट्रेट ऑफ अ लेडी'. महिन्यातून एकदा सात-आठ परफ्यूमवेडी मंडळी जमतात, नवी सॅम्पल हुंगतात, तासन्‌तास बोलतात. या मंडळींत सगळ्यांना आवडणाऱ्या, कुठल्याही काउंटरवर मिळणाऱ्या सुगंधांना फारसा मान नाही. वाढदिवसाला धाकट्या बहिणीने त्यांना लॅन्कोमचं 'ला व्ही ए बेल' दिलं. "छान आहे गं" म्हणून त्यांनी ती बाटली कपाटात मागे सरकवली. एका सकाळी घाईत तीच हाताला लागली. त्या दिवशी ऑफिसात तिघींनी आपणहून विचारलं, "काय लावलंयस? किती छान वास येतोय!" सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. उलट शेजारी बसणारी मैत्रीण दोनदा "डोकं दुखतंय" म्हणून दुसरीकडे जाऊन बसली होती. नेमकी त्याच संध्याकाळी मंडळींची बैठक होती. आत जाण्याआधी बाईंनी वॉशरूममध्ये मान आणि मनगटं साबणाने धुतली. तेव्हापासून ते परफ्यूम त्या फक्त रात्री झोपताना लावतात. त्या विचारतात, "माझं नाक मागे गेलं का? सहा वर्षं आणि एवढे पैसे वाया गेले का? लोकांना सोपंच आवडत असेल तर बाकीच्या बाटल्या विकून टाकू का?"

उत्तर:

तुमच्या पत्रातलं वॉशरूमचं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. साबणाने परफ्यूमचा वरचा, पटकन उडणारा भाग जातो. खालचा सहजी जात नाही. मस्क (कस्तुरीसारखे सुगंध), व्हॅनिला, पॅचूली (मातकट वासाच्या पानांचं तेल) यांचे जड रेणू कातडीला धरून बसतात आणि कपड्यांत तर दुसऱ्या दिवशीही सापडतात. म्हणजे हात पुसून तुम्ही त्या खोलीत जाऊन बसलात, तेव्हा बहिणीने दिलेला सुगंध थोडाफार तरी तुमच्या अंगावर होता. आजूबाजूला सात-आठ तयार नाकं होती, आणि कुणी नाक मुरडल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. त्या संध्याकाळी त्या सुगंधाचा निवाडा एकाच व्यक्तीने केला होता, तोही दारातून आत जाण्याआधी.

आता नाक मागे गेलं का, ते पाहू. यासाठी तुमची लाडकी बाटलीच हातात घेऊ. 'पोर्ट्रेट ऑफ अ लेडी' डॉमिनिक रोपियों या परफ्यूमरने, म्हणजे सुगंध रचणाऱ्याने, फ्रेडरिक माल यांच्या परफ्यूम कंपनीसाठी केलं, २०१० साली. गुलाब, धूप आणि भरपूर पॅचूली. तुमच्या बैठकीत त्याचं नाव आदराने घेतलं जात असणार, आणि ते रास्तच आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, 'ला व्ही ए बेल' आलं. ते तिघांनी मिळून केलं: ऑलिव्हिए पोल्ज, ॲन फ्लिपो आणि हेच डॉमिनिक रोपियों. तुम्ही ज्या माणसाचं काम कपाटात पुढे ठेवलंत, त्याच माणसाचं काम मागे सरकवलंत. इतकंच नाही, दोन्ही सुगंधांचा पाया पॅचूलीचाच आहे. सहा वर्षं तुम्ही पॅचूली ओळखायला शिकलात, आणि एका सकाळी अंगावरची पॅचूली तुम्हाला आवडली. यात नाक मागे गेलं कुठे?

तुमचं पत्र आल्यावर मी एका कागदी पट्टीवर 'ला व्ही ए बेल'चा एक फवारा मारला आणि पट्टी टेबलावर ठेवून दिली. पहिली दहा मिनिटं नाशपाती आणि ब्लॅककरंट, रसाळ, थोडं आंबट. अर्ध्या तासात साखर वर आली, आणि खरं सांगते, तिथे मीही क्षणभर मान मागे घेतली, इतकी ती गोड होती. पण तासाभराने त्या साखरेखालून आयरिस जाणवू लागलं. कोरडं, पावडरीसारखं, कच्च्या गाजराची आठवण करून देणारं. आयरिसचा हा वास फुलातून येत नाही, कंदातून येतो. आणि कंद काढून वर्षानुवर्षं वाळवून ठेवल्याशिवाय तो तयार होत नाही. त्या कोरडेपणाने साखरेला आवर घातला होता. सकाळी पट्टीवर उरली होती ओलसर मातीची छटा असलेली पॅचूली आणि मंद व्हॅनिला. गोडवा इतका वर न्यायचा आणि तो किळसवाणा होण्याआधी कंदाने आणि मातीने पकडून धरायचा, हे नुसतं गोड मिसळून होत नाही. अनोळखी माणसाला पहिल्या श्वासात आवडेल आणि सहाव्या तासालाही नकोसं होणार नाही असं काही बांधणं अवघड आहे. धुरकट, उग्र सुगंधाला एक सवलत असते: न आवडणारा त्याच्या वाटेला जात नाही. सर्वांसाठी केलेल्या सुगंधाला ती सवलत मिळत नाही.

आणि 'सगळ्यांना आवडणारं' म्हणजे तरी काय? १९९२ मध्ये थिएरी म्यूगलेरचं 'एंजल' आलं. परफ्यूमर ऑलिव्हिए क्रेस्प यांनी त्यात एथिल माल्टॉल हा गोड वासाचा रेणू इतका ओतला की करपायच्या बेतात आलेल्या साखरेचा वास यावा, आणि ते सगळं कडवट, मातकट पॅचूलीवर उभं केलं. फुलांच्या आणि ताज्या, पाण्यासारख्या सुगंधांच्या काळात हे धाडस होतं. कित्येकांना ते अजूनही सोसत नाही. आज गोड परफ्यूमच्या कपाटापुढे उभं राहिलं तर अर्ध्या बाटल्या त्याच घराण्यातल्या निघतात. तुमच्या बहिणीने दिलेली बाटलीही त्याच वंशातली आहे. त्याच्याही कितीतरी आधी, १८८२ मध्ये, ऊबिगां या फ्रेंच कंपनीच्या 'फूजेर रोयाल'मध्ये कृत्रिमरीत्या बनवलेला कुमारिन हा वाळल्या गवतासारख्या वासाचा रेणू आला, आणि त्यातून पुरुषांच्या सुगंधाचं एक आख्खं कूळ निघालं. इतकं रुळलेलं, की आज त्याला कुणी धाडस म्हणणार नाही. फ्रान्सिस कुर्कजियान यांनी १९९५ मध्ये 'ल माल' केलं, तेही याच कुळातलं आणि घराघरांत पोहोचलेलं. वीस वर्षांनी त्यांचंच 'बॅकरा रूज ५४०' निवडक लोकांचं म्हणून बाजारात आलं, आणि आता त्याच्या नकला जिकडेतिकडे मिळतात. निवडकांचं आणि गर्दीचं यांच्यातली भिंत तुम्ही समजता तितकी पक्की नाही. त्याच हातांनी बनवलेल्या वस्तू तिच्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि वस्तू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातही असतात.

"लोकांना सोपंच आवडतं" या तुमच्या वाक्यात एक गृहीतक आहे: तुम्ही आणि ऑफिसातल्या त्या तिघी एकच वास घेता, फक्त तुम्हाला तो कळतो आणि त्यांना कळत नाही. हे खरं नाही. माणसाच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये या रिसेप्टरांचं जनुकीय कुटुंब शोधलं, त्यासाठी २००४ चं नोबेलही त्यांना मिळालं. या रिसेप्टरांचा संच दोन माणसांत तंतोतंत सारखा नसतो. अँड्रोस्टेनोन नावाचा रेणू कुणाला घामट, लघवीसारखा लागतो, कुणाला गोडसर, आणि कुणाला काहीच जाणवत नाही. काही मस्क काहींना मुळीच येत नाहीत. म्हणून तर परफ्यूमर बहुतेकदा एकाच मस्कवर विसंबत नाहीत, दोन-तीन एकत्र घालतात. तुम्हाला जिथे जुनं लाकूड आणि धूप दिसतो, तिथे शेजारच्या खुर्चीत नुसता घाम पोहोचत असू शकतो. तिच्या आवडीत खोट नाही. तिच्या नाकापर्यंत तुमचा सुगंध पोहोचलाच नाही, दुसरंच काहीतरी पोहोचलं.

ओळखीचाही भाग आहेच. स्वच्छ, ताज्या, हलक्या गोड सुगंधांतले अनेक रेणू साबणात, शॅम्पूत, कपडे धुण्याच्या पावडरीत असतात. डायहायड्रोमिर्सेनॉल हा असाच एक. १९८८ च्या 'कूल वॉटर'ने तो परफ्यूममध्ये गाजवला, आणि धुण्याच्या वस्तूंत तर तो सर्रास वापरतात. हे वास आपण लहानपणापासून धुतलेल्या चादरींतून घेतो. ते आले की जीव सैल होतो. याला कुणी उथळ आवड म्हटलं तर मला ते पटत नाही. आईच्या पदराचा वास ओळखीचा असतो म्हणूनच तर प्रिय असतो.

आता ती डोकेदुखी. पत्रात तुम्ही ती ओझरती सांगितलीत, मला मात्र ती तिघींच्या कौतुकापेक्षा महत्त्वाची वाटते. सतत येणारा वास नाक थोड्याच वेळात मागे टाकतं; म्हणून स्वतःचं परफ्यूम आपल्याला येईनासं होतं आणि आपण आणखी दोन फवारे मारतो. त्यातून तुमच्यासारखं वर्षानुवर्षं ऊद आणि चामडं हुंगलेलं नाक असेल, तर जे तुम्हाला मंद वाटतं ते दुसऱ्याला घमघमाट असतं. चित्र नको असेल तर डोळे मिटता येतात, श्वास घेणं थांबवता येत नाही. बंद खोलीत आठ तास बसणाऱ्या माणसाची तब्येत आपल्या आवडीच्या वर आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तुम्ही त्या मैत्रिणीला सरळ विचारा: "तेव्हा तुझं डोकं माझ्या परफ्यूममुळे दुखायचं का? खरं सांग, मला राग येणार नाही." ती हो म्हणाली तर ते सुगंध ऑफिसात लावू नका. नाही म्हणाली तरी एकच फवारा, कपड्याखाली, घरातून निघायच्या अर्धा तास आधी. आणि दोन तासांनी एखाद्या स्पष्टवक्त्या माणसाला हातभर अंतरावर उभं करून विचारा, वास येतोय का. हातभर अंतरावर मंदपणे आला तर ठीक. खोलीच्या दारातूनच आला तर उद्या कमी.

गर्दीच्या सुगंधांची मी सरसकट तरफदारी करते आहे असं मात्र समजू नका. मोठ्या कंपन्या सुगंध बाजारात आणण्याआधी तो पुष्कळ लोकांना हुंगवून बघतात. कुणाला काही टोचलं की तो कोपरा घासला जातो. असं घासत घासत शेवटी इतकं गुळगुळीत काहीतरी उरतं की दहा बाटल्यांतली कुठली कुठली हे सांगता येत नाही. बरंच कौशल्य पहिल्या दहा मिनिटांवर खर्च होतं, कारण काउंटरवर गिऱ्हाईक तेवढाच वेळ उभं असतं. पुढे चौथ्या तासाला खाली काहीच नसतं. तुमच्या मंडळींची तक्रार इथे खरी आहे. पण ती त्या त्या बाटलीबद्दलची तक्रार आहे. निवडक म्हणवणाऱ्या घराण्यांतही नुसत्या धुरावर आणि किमतीवर उभे असलेले सुगंध मी हुंगले आहेत, तेही चौथ्या तासाला रिकामेच निघाले. म्हणून माझ्यासाठी कसोटी एकच: चार तासांनी पट्टी परत उचलावीशी वाटते का?

आता पत्रातला तो तपशील, जो तुम्ही लाजत लिहिलात आणि मला मात्र मोलाचा वाटला. तुम्ही ते परफ्यूम रात्री लावता. अंथरुणावर, दिवा मालवून. तिथे ऑफिसातल्या तिघी नाहीत, बैठकीतली मंडळी नाहीत, "किती छान" म्हणणारं कुणी नाही. तुम्हाला भीती आहे की कौतुकाला भुलून तुम्ही आपली आवड सोडताय. कौतुकाला भुलला असतात तर ती बाटली तुम्ही सकाळी उचलली असतीत. तुम्ही ती रात्री उचलता, म्हणजे तो सुगंध तुम्हाला आवडतो. बस. चाळीस बाटल्यांत कदाचित हीच एक अशी असेल जी तुम्ही कुणालाही दाखवण्यासाठी लावत नाही. बाकीच्यांपैकी कोणकोणत्या तुम्ही रात्री, एकट्या असताना, लावल्या असत्या? हा प्रश्न मनाशी नक्की घोळवा. माझी खात्री आहे की 'पोर्ट्रेट ऑफ अ लेडी' त्यात असेलच.

म्हणून बाटल्या विकू नका. निदान आत्ता नाही. तुम्ही शरमेच्या भरात आहात, आणि अशा वेळी विकलेली वस्तू माणूस नंतर दुप्पट किमतीला शोधत फिरतो. उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर, बंद कपाटात ठेवल्या तर बाटल्या कित्येक वर्षं चांगल्या राहतात (बाथरूममध्ये मात्र ठेवू नका, तिथली वाफ त्यांना सोसत नाही). सहा महिने नवं काही घेऊ नका, जुनं काही विकू नका. या सहा महिन्यांत ज्या बाटलीकडे हात एकदाही गेला नाही, ती पुढे ज्याला आवडेल त्याला द्या. आणि यापुढे नवं घ्यायचं झालं तर आधी छोटं सॅम्पल, चार वेगवेगळ्या दिवशी लावून, मगच बाटली.

एक प्रयोग सांगते, हा तुमच्यासारख्या सगळ्यांसाठी आहे; 'मला जे आवडतं ते चांगलं आहे का' असं ज्याला ज्याला वाटतं त्याने करावा. घरातल्या कुणाला तरी पाच पट्ट्यांवर पाच सुगंध लावायला सांगा: दोन खूप खपणारे, दोन निवडक, एक अगदी स्वस्त. पट्टीच्या मागे पेन्सिलीने फक्त आकडा, नाव नाही. पाच मिनिटांनी, तासाने आणि चार तासांनी हुंगा, आणि प्रत्येक वेळी एकच ओळ लिहा: काय वास येतो आणि पुन्हा हुंगावंसं वाटतं का. शेवटी नावं उघडा. मी हा प्रयोग केला आहे. ज्या पट्टीपुढे मी "ओली माती, थंड, सुंदर" लिहिलं होतं, ती बाटली मी वर्षभर तुच्छ मानत आले होते. त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही, हायसं वाटलं. नाव आणि किंमत बाजूला झाली की नाक किती मोकळं होतं!

हाच प्रयोग तुमच्या पुढच्या बैठकीत करा. पट्ट्या तुम्ही तयार करून न्या, आणि त्यात 'ला व्ही ए बेल' असू द्या. कुणाची फजिती करायला नाही. ही माणसं तुमची मित्रमंडळी आहेत, त्यांच्याकडून तुम्ही पुष्कळ शिकलात. पण एक मंडळ जेव्हा काही गोष्टी आवडायलाच नकोत असं न बोलता ठरवून टाकतं, तेव्हा त्यातल्या प्रत्येकाच्या घरी कपाटात मागे सरकवलेली एखादी बाटली असण्याचा संभव असतो. तुम्ही बोललात की दुसरं कुणीतरी बोलेल. आणि समजा कुणीच बोललं नाही, दोघांनी भुवया उंचावल्या, तर एवढंच म्हणा, "मला हे आवडतं. आयरिस नीट हुंगून बघा." वाद घालू नका. तयार कान असलेला माणूस साध्या लोकगीतालाही मनापासून दाद देतो, तयार नाकालाही ती मुभा हवी.

काही वाचकांची अडचण याच्या उलट असते, त्यांच्यासाठीही दोन शब्द. तुमच्याकडे एकच बाटली आहे, सगळ्यांकडे असते तीच, आणि कुणा जाणकाराने तिचं नाव ऐकून तोंड वाकडं केलं. त्या जाणकाराला विचारा, चार तासांनी ती कशी लागते. नीट उत्तर मिळालं तर ऐकून घ्या, काहीतरी शिकायला मिळेल. उत्तर मिळालं नाही तर आपली बाटली सुखाने वापरा.

तुमच्या पैशांचं आणि वर्षांचं म्हणाल, तर अंगावरच्या साखरेखाली कंद आणि माती आहे हे तुम्हाला आता हुंगता येईल. ही नजर त्या सहा वर्षांनी दिली आहे. ज्या तिघींना ते नुसतं 'छान' वाटलं त्यांचा आनंद काही कमी नाही, पण तुम्हाला तोच सुगंध दोन प्रकारे मिळतो.

शेवटचं तुमच्या बहिणीबद्दल. ती घरी आली असेल तेव्हा तिने ती बाटली कपाटात मागे, भरलेली पाहिली असेल. अशा गोष्टी धाकट्या बहिणी विचारत नाहीत, पण त्यांच्या नजरेतून सुटतही नाहीत. पुढच्या वेळी ती आली की बाटली पुढे काढा आणि किती उतरली आहे ते तिला दाखवा.